पिंगोबाचा पहारेकरी

पिंगोबाच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, बाईच्या मनात अजून अढी आहे. अढी आहेच, ती मी कधी लपवली नाही. पण कारण ते नव्हतं. अशा सभेत गेलेल्या माणसाबद्दल जे जे बोलतात ते सगळं त्याच्या बाबतीत खरं होतं. कष्टाळू, नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेवढंच बोलून खाली बसले असते तर ते मला खोटं बोलल्यासारखं वाटलं असतं. म्हणून इथे सगळं लिहिते. त्याला मी 'तो' म्हणणार आहे. तोंडावर अहो-जाहो करत होते, पण मनात तो कायम 'तो'च होता, रागातही आणि नंतरही.

आमचं ऑफिस म्हणजे रुग्णवाहिका पाठवणारं केंद्र. एक लांबट हॉल, दहा टेबलं, दहा हेडफोन, समोरच्या भिंतीवर गाड्यांचा नकाशा. फोन आला की आधी पत्ता विचारायचा, मग काय झालंय ते विचारायचं, मग गाडी सोडायची. हॉलच्या टोकाला काचेची खोली होती. तिच्यात सर्व्हर, आणि सर्व्हरपाशी पिंगोबा. एसी यंत्रांसाठी होता, माणसांसाठी नाही, त्यामुळे आम्ही इकडे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत असायचो आणि काचेपलीकडे हा बाबा स्वेटरची सगळी बटणं लावून बसलेला. त्याचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे वापरात नव्हतं. एक यंत्र दुसऱ्याला 'आहेस का' म्हणून हाक मारतं आणि दुसरं 'आहे' म्हणतं, त्याला पिंग म्हणतात. तो दिवसातून दोनदा, सकाळी आल्यावर आणि दुपारी जेवण झाल्यावर, स्क्रीनवर काळी खिडकी उघडून पाव तास या हाका आणि ओ बघत बसायचा. आम्ही नाव ठेवलं पिंगोबा. त्याला ते माहीत होतं. एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, निदान 'पिंगोबाराव' तरी म्हणा. पंचवीस वर्षं झाली नोकरीला."

घरी त्याची बायको, गुडघ्यांमुळे जागेवरच बसलेली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. सकाळचा स्वयंपाक, बायकोची आंघोळ, औषधं, सगळं उरकून तो साडेआठला हजर. सोळा वर्षांत त्याची उशिराची सही मी पाहिली नाही. कुणाशी भांडण नाही, कुणाशी मैत्री नाही. चहाच्या वेळी दोन वाक्यं बोलायचा आणि ती दोन्ही सर्व्हरबद्दल असायची.

त्याच्या बोलण्यात 'डबे' फार. एका मोठ्या मशीनच्या पोटात वेगवेगळी कामं वेगवेगळ्या डब्यांत बंद करून ठेवायची, म्हणजे एक डबा नासला तरी शेजारचा नासत नाही. कंटेनर म्हणतात त्याला. नकाशाचा एक डबा, गाड्यांच्या नोंदींचा एक, पगाराचा एक. सगळ्या डब्यांना बाहेर जायला यायला मिळून एकच पूल. हे सगळे डबे कायम उघडे. एक मात्र तो बंद ठेवायचा आणि वापरापुरता उघडायचा, कारण जागा कमी होती. त्याला तो पहारेकरी म्हणायचा. जाळ्यात कुठे काही अडतंय का ते आतून बघायचं, एवढंच पहारेकऱ्याचं काम. पिंगोबाची ती काळी खिडकी त्याच डब्यातली. हा डबा त्याने सगळ्यांच्या आधी, स्वतःच्या हाताने बनवला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. माणसाला पहिल्या मुलाचा असतो तसा.

मी त्या हॉलमध्ये सोळा वर्षं फोन घेतले. माझं तोंड फटकळ आहे. समोरचा नुसता रडत बसला तर मी आवाज चढवते, कारण रडण्याने पत्ता कळत नाही. त्यावरून दोन तक्रारी माझ्या फायलीत होत्या. पुढे त्या कामाला आल्या, माझ्या नाही, दुसऱ्यांच्या.

त्या वर्षी फोनचं जुनं वेगळं यंत्र काढलं आणि फोनही पिंगोबाच्या सर्व्हरवर, त्याच्या एका डब्यात आणले. पहिल्या आठवड्यापासून कॉल कट व्हायला लागले. बोलता बोलता समोरचा एकदम गप्प. हॅलो, हॅलो करत आपण बसायचं, पंधरा-वीस सेकंदांनी लाइनच बंद. रोज नाही म्हणता म्हणता तीन-चार वेळा. मी काचेवर टकटक करायची. पिंगोबा लगेच हातातलं काम टाकून पहारेकरी उघडायचा, बघायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "ताई, मी बघतो तेव्हा तर सगळं चालू असतं."

"मग आम्ही काय स्वप्नं बघतो का?" मी म्हणायची.

"तसं नाही. वेळ लिहून ठेवा. मला वेळ द्या."

आम्ही एक वही केली. कट झाला की वेळ लिहायची. आणि त्याचं काम असं चोख की आम्ही वेळ लिहून दिली की तो दर वेळी उठून पुन्हा पहारेकरी उघडणार, पाव तास बघणार, बंद करणार, आणि वहीत आमच्या ओळीखाली सुवाच्य अक्षरात लिहिणार, 'तपासले. दोष नाही.' मजा अशी की तक्रारी जितक्या वाढल्या तितके कॉल जास्त कट व्हायला लागले. हॉलमध्ये थट्टा सुरू झाली की पिंगोबाची हाक ऐकून फोन घाबरतात. त्याला थट्टा लागत नव्हती, पण 'दोष नाही' हे शब्द लिहिताना त्याचा चेहरा उतरलेला असायचा. तो बारकाईने बघत होता यात शंका नाही. मी तरीही त्याला कामचुकार म्हणाले, सगळ्यांसमोर, दोन वेळा.

त्या दुपारी पावणेतीनला एका बाळंतिणीच्या नवऱ्याचा कॉल माझ्या हातून तुटला. पत्ता आधीच मिळाला होता म्हणून निभावलं. मी हेडफोन काढला, ताडताड चालत गेले आणि काचेवर मुठीने मारलं. पिंगोबा जेवणानंतरची तपासणी संपवून नुकताच डबा बंद करून बसला होता. मी ओरडले, "आत्ताच्या आत्ता बघा. माणसं मरायची वाट बघताय का?" त्याने मान हलवली आणि कीबोर्डकडे वळला. मी परत जागेवर येऊन बसले, हेडफोन लावला, आणि पुढचा कॉल आला.

एक म्हातारा माणूस होता. घाई नाही, रडणं नाही. म्हणाला, बायकोला श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडलेत. मी पत्ता विचारला. म्हणाला, "तिसरा मजला," आणि आवाज गेला. मी हॅलो म्हणत राहिले. वीस सेकंदांनी लाइन बंद झाली. मी त्याच नंबरवर परत फोन लावला. रिंग जात राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला. तिसरा मजला एवढ्यावर मी गाडी कुठे पाठवणार? अकरा मिनिटांनी त्यांच्या इमारतीतल्या कुणाचा तरी फोन दुसऱ्या टेबलावर आला, पत्ता मिळाला, गाडी सुटली. ती पोचली तेव्हा ती बाई गेलेली होती.

तक्रार म्हाताऱ्याच्या मुलाच्या सहीने आली. त्यात लिहिलं होतं की वडिलांनी संपूर्ण पत्ता सांगितला, फोनवरच्या बाईंनी तो घेतला, फोन ठेवला आणि गाडी पाठवली नाही. खाली त्यांचा पत्ता छापलेला. मला फोनवर मिळाला नाही तो पत्ता असा टाइप होऊन मिळाला.

चौकशीला तिघे बसले. मशीनमधली नोंद काढली. तिच्यात होतं, 'कॉल या बाजूने संपला.' रेकॉर्डिंगमध्ये 'तिसरा मजला' नंतर नुसती शांतता आणि माझं हॅलो. तिघांतले एक आमचे साहेब, ते म्हणाले, "तुम्ही त्यांचा आवाज बंद केलात आणि मग फोन ठेवलात." मी म्हटलं, मग मी परत तीन वेळा फोन कशाला लावला? ते म्हणाले, चूक लक्षात आली म्हणून. मी म्हटलं, त्याने पत्ता सांगितलाच नाही. ते म्हणाले, तो सांगतो की सांगितला. त्यावर मी जे बोलले ते माझ्या जन्मात विसरणार नाही. मी म्हणाले, "म्हातारा खोटं बोलतोय."

मग पिंगोबाला बोलावलं. त्याने वही आणली होती, ताव भरून अहवाल आणला होता. त्या दुपारी कॉलच्या वेळी तो स्वतः जाळं बघत होता आणि जाळ्यात दोष नव्हता, असं त्याने सही करून दिलं. त्याला तसंच दिसलं होतं, तो खोटं बोलत नव्हता. साहेबांनी माझ्या फायलीतल्या दोन जुन्या तक्रारी वर काढल्या. महिन्याभरात मला कामावरून कमी केलं. 'निष्काळजीपणामुळे एका रुग्णाचा मृत्यू' असे शब्द पत्रात होते.

त्या शब्दांनिशी दुसरीकडे फोनवरचं काम कोण देणार? मी दोन ठिकाणी गेले, दोन्हीकडे जुन्या ऑफिसात विचारू म्हणाले आणि नंतर त्यांचा फोन आला नाही. शेवटी एका लाँड्रीत काउंटरवर बसायला लागले. आलेल्या कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या आणि पावती फाडायची. माझ्याजवळ आई असते. ती शेजाऱ्यांना सांगायची, हिने मोठी रजा घेतलीय. खालच्या मजल्यावरची एक बाई मला जिन्यात बघून पोराला जवळ ओढून घ्यायची, जणू माझ्या हाताला काही लागलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी रोज मनात घोकत होते, आणि चोर माझ्या लेखी तो म्हातारा होता. त्याने पत्ता सांगितला असं का म्हणावं? मला एवढंच हवं होतं की कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, या बाईने फोन ठेवला नाही. नोकरी नंतरची गोष्ट.

पाच महिन्यांनी एका दुपारी पिंगोबा लाँड्रीत आला. हातात बायकोच्या चादरी. मला काउंटरमागे बघून तो थांबला. मी त्याच्या चादरी मोजल्या, चिठ्ठ्या लावल्या, पावती पुढे केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळी तो माझ्या दारात उभा. आईने ओळखलं नाही आणि पाणी दिलं. ओळखलं असतं तर दिलं नसतं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "ताई, कॉल तुम्ही कट केला नव्हता. मी केला होता."

मग त्याने सांगितलं. मधे त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, एकोणीस दिवस तो घरी होता. त्या एकोणीस दिवसांत एकही कॉल कट झाला नाही. तो कामावर परत आला त्याच दुपारी चार कट झाले. हॉलमधली एक मुलगी हसत म्हणाली, "पिंगोबा, तुमचा पायगुणच वाईट." सगळे हसले. तो आत जाऊन बसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ यावी असं होतं कधी कधी, असं त्याने स्वतःला पाच मिनिटं सांगून पाहिलं. मग पहारेकरी उघडला आणि काचेतून हॉलकडे बघितलं. एका मुलीने हेडफोनवर हात मारला. त्याने पहारेकरी बंद केला. दुसरीने मान वर केली. त्याने पुन्हा उघडला नाही. त्याला पुरलं होतं.

"पण उघडल्याने काय होतं?" मी विचारलं.

त्याने बोटांनी माझ्या टेबलावर काढून दाखवलं. प्रत्येक डब्याला एक नंबर असतो. पुलाला स्वतःचा ठरलेला नंबर नसला की जे डबे उघडे असतील त्यांच्यातला सगळ्यात लहान नंबर तो स्वतःचा म्हणून लावतो. बाकीच्या डब्यांना नंबर मशीनने दिले होते. पहारेकऱ्याचा त्याने स्वतः दिला होता, हौसेने, पहिला डबा म्हणून सगळ्यात लहान. त्यामुळे पहारेकरी उघडला की पुलाचा नंबर बदलायचा आणि बंद केला की परत बदलायचा. दारावरची पाटी एकाएकी बदलावी आणि पोस्टमनने पत्र हातात घेऊन रस्त्यात उभं राहावं, तसं बाहेरच्या यंत्रांचं पंधरा-वीस सेकंद व्हायचं. तेवढ्यात बोलणाऱ्याचा आवाज गडप. पूर्वी फोन वेगळे होते तेव्हा फार तर कुणाची फाइल अडकायची, कुणाला पत्ता लागत नव्हता. आणि पहारेकऱ्याला जागं व्हायला अर्धं मिनिट लागायचं. तो डोळे उघडून बघायचा तेव्हा सगळं सुरळीत झालेलं असायचं. म्हणून दोष नाही. कुंपणच शेत खात होतं आणि रात्रंदिवस कुंपणालाच विचारणं चाललं होतं की चोर दिसला का.

"दुरुस्त व्हायला किती वेळ लागला?"

"एक ओळ," तो म्हणाला. "पुलाला स्वतःचा नंबर द्यायचा. एक ओळ लिहायची."

तेव्हा मला ती दुपार आठवली. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही बंद करून बसला होतात. मी काचेवर मारलं म्हणून परत उघडलात."

तो म्हणाला, "हो."

एवढंच. ना मला दोष दिला, ना 'तुम्हाला काय माहीत' म्हणून समजूत काढली. मी उठून आत गेले, नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. बाहेर आले तेव्हा आई त्याच्याकडे संशयाने बघत उभी होती. मी विचारलं, "कधी कळलं हे?" तो म्हणाला, "नुकतंच." मी कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने खाली मान घालून दीड पान लिहिलं, त्याच सुवाच्य अक्षरात, सही केली. मी म्हटलं, हा कागद साहेबांना द्यायच्या आधी त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊ. तक्रार त्यांनी केली होती, त्यांनी मागे घेतली पाहिजे. तो लगेच तयार झाला. बायकोला पाच वाजता औषध द्यायचं असतं, त्याच्या आत परत यायला हवं, एवढंच म्हणाला.

दार मुलाने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्याने दार जवळजवळ लावून घेतलं, पण आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "येऊ दे." ते खिडकीपाशी बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खोलीत तीन भिंतींवर घड्याळं, सगळी एकाच वेळेची. पिंगोबाने उभ्यानेच सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी त्याला बसायला लावलं. चौकशीच्या तिघांना महिन्यात कळलं नाही ते त्यांना चार वाक्यांत कळलं.

"म्हणजे बिघाड बघायला झाकण उघडायचं, आणि उघडलं की धूळ आत," ते म्हणाले.

"तसंच."

"कधी कळलं तुम्हाला?"

पिंगोबाने माझ्याकडे बघितलं नाही. "बारा आठवडे झाले."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी म्हटलं, "मला तर नुकतंच म्हणालात."

"तुम्हाला खोटं सांगितलं," तो म्हणाला. त्याच दिवशी तो साहेबांकडे गेला होता. साहेबांनी विचारलं, दुरुस्त केलंस का? हो. मग विषय संपला, उगाच गेलेल्या बाईचं मढं उकरू नकोस, तुझ्या निवृत्तीचे कागद पुढे जायचेत. बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्या कागदांवर होतं. त्याने ठरवलं, कागद निघाले की बोलू. बारा आठवडे तो हे पोटात ठेवून रोज साडेआठला सही करत होता. "काल तुम्हाला त्या काउंटरवर बघितलं," तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडलं.

मी त्याला त्या परक्या घरात नाही नाही ते बोलले. बारा आठवडे मी लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या लावत होते आणि हा माणूस गप्प होता. तुमची बायको ती बायको आणि माझी आई कोण, असंही म्हणाले. तो ऐकत बसला. घड्याळजी मी संपवेपर्यंत थांबले. मग पिंगोबाने माझ्या हातातून तो कागद घेतला, 'नुकतेच लक्षात आले' या शब्दांवर रेघ मारली, वर खरी तारीख लिहिली आणि शेजारी छोटी सही केली. त्या तारखेमुळे पुढे त्याची नोकरी आणि निवृत्तीचं जे काही होतं ते गेलं, बायकोचं ऑपरेशन राहिलं. साहेबांचं काही झालं नाही. मला कामावर परत घेतलं. हे सगळं नंतर.

घड्याळजींनी कागद वाचला, मुलाला वाचायला दिला. मग पिंगोबाला म्हणाले, "एक विचारू? मी फोनवर पत्ता बोललो. घराचा नंबर, गल्ली, फाटक हिरवं आहे तेसुद्धा. सावकाश सांगितला होता. तो तुमच्या कुठल्यातरी डब्यात राहिला असेल ना?"

"नाही," पिंगोबा म्हणाला. "तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही. कुठेच नाही."

"बाईंना ऐकू नाही गेला?"

"नाही."

ते माझ्याकडे वळले. "मला वाटलं, यांनी लिहून घेतला आणि गाडी पाठवायला फोन ठेवला. म्हणून मी परत फोन केला नाही. तिला म्हटलं, निघालेत, आलेच. आणि फाटक उघडायला खाली गेलो. गाडीवाल्याला घर चुकू नये म्हणून तिथेच रस्त्यावर उभा राहिलो. किती वेळ ते मला कळलंच नाही." मग मला विचारलं, "तुम्ही परत फोन लावला होता?"

"तीन वेळा," मी म्हटलं.

"म्हणजे वर फोन वाजत होता." ते बिछान्याकडे बघत होते. फोन उशाशीच होता. "ती एकटी होती. तिने ऐकला असेल. हात पुरला नसता तिचा."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. माझ्या मनात होतं की सांगावं, त्या दिवशी काचेवर मी मारलं होतं, मी ओरडले नसते तर तुमचा पत्ता मला मिळाला असता आणि मी चौकशीत तुम्हाला खोटारडा म्हटलं. जिभेवर आलं होतं. पिंगोबाच्या त्या दीड पानात यातलं काही नव्हतं. तिथे त्याने लिहिलं होतं, 'नेहमीच्या तपासणीसाठी उघडला.' मला ते तेव्हाच दिसलं. मी त्याच्याकडे बघितलं, तो स्वेटरचं बटण लावत बसला होता.

घड्याळजींनी मुलाकडून कोरा कागद मागितला. एकेक अक्षर काढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी लिहिलं की फोनवरच्या बाईंची यात काहीही चूक नाही आणि आम्ही तक्रार मागे घेत आहोत. खाली सही केली, मुलालाही करायला लावली, शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला आणि माझ्यापुढे केला. म्हणाले, "तुम्हाला फार सोसावं लागलं, बाई."

मी काही बोलले नाही. मला तो कागद हवा होता. मी तो घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.